हनोईला येण्याआधी: चित्रं, नाटकं आणि बाबांचे गुडघे

ती. आई-बाबांस,
सा. न.

नोव्हेंबरची विमानाची तिकिटं झाली, एक काम मार्गी लागलं. देवळं, तळी आणि युद्धाची संग्रहालयं कुठलाही टूरवाला दाखवेल, ती यादी मी करत बसत नाही. तुम्ही दोघं छबिलदासच्या दिवसांपासून प्रायोगिक नाटकं बघत आलात, आणि बाबा, तुम्ही जहांगीरमध्ये शिरलात की एकेका चित्रापुढून हलत नाही. म्हणून हनोईतली चित्रं आणि नाटकं कशी बघायची, तेवढंच लिहिते.

पहिली सकाळ न्गुयेन थाय हॉक रस्त्यावरच्या ललित कला संग्रहालयाला द्या. इमारत फ्रेंचांच्या काळातल्या मुलींच्या वसतिगृहाची, संग्रहालय 1966 मध्ये सुरू झालं. तिकीट चाळीस हजार दोंग. आकडा ऐकून दचकू नका, एक लाख दोंग म्हणजे आपले सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. चित्राशेजारचा क्यूआर कोड फोनवर घेतला की इंग्रजीत माहिती ऐकता येते, तेव्हा इयरफोन बरोबर ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज करून निघा. जुन्या लाकडी बुद्धमूर्ती सुंदर आहेत, पण तिथेच दोन तास घालवलेत तर पुढच्या जिन्यांना पाय उरणार नाहीत. आधी लॅकरच्या चित्रांकडे जा, मूर्ती परतताना.

हे लॅकर म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख नव्हे. लाख किड्यांपासून येते, हा झाडाचा चीक आहे. हनोईच्या वायव्येला फू थो भागात ही झाडं लावतात आणि खोडाला चिरा देऊन चीक गोळा करतात. झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, आंबा आणि काजूही त्याच कुळातले. त्यामुळे बिब्बा उततो तसा हा ओला चीकही उततो. नवशिक्या कामगारांच्या हातातोंडावर फोड येतात. पुरत्या वाळलेल्या चित्राला हात लागला तर काही होत नाही, पण कुठल्या कार्यशाळेत गेलात तर ओल्या फळीपासून लांब राहा. आई, तुझ्या अंगावर पटकन पुरळ उठतं म्हणून मुद्दाम सांगते.

आता बाबांना आवडेल तो भाग. हा चीक ऊन दाखवून वाळत नाही. त्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने चिकाचं घट्ट जाळं विणतं आणि त्या कामाला ओलावा लागतो, साधारण 75 ते 85 टक्के आर्द्रता आणि 25 ते 30 अंश तापमान. कोरड्या हवेत फळी कितीही दिवस ठेवली तरी बोटाला चिकटत राहते. म्हणून चित्रकार ओली फडकी लावलेल्या बंद कपाटात किंवा खोलीत फळ्या ठेवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे बारीक पाऊस झिरपत असतो, फरशीला पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत, सगळं शहर वैतागतं आणि लॅकरवाल्यांची मात्र चंगळ असते. तुम्ही याल तेव्हा उत्तरेची कोरडी हवा सुरू झालेली असेल. तुमच्या सांध्यांना ती बरी, चित्रकारांना नाही.

फळीवर आधी कापड चिकटवतात, त्यावर चीक आणि माती कालवून लेप, तो वाळला की घासायचा, परत लेप. अशी गुळगुळीत काळी फळी तयार झाल्यावर चित्र सुरू होतं, तेही उलटीकडून. जे शेवटी सर्वांत उजळ दिसायला हवं ते आधी बसवायचं: बदकाच्या अंड्याचं कवच आतला पापुद्रा काढून, ठोकून तडे देऊन, चांदीचा वर्ख, सोन्याचा वर्ख, हिंगुळाचा लाल. त्यावर चिकाचे थर चढतात आणि चित्र दिसेनासं होतं. मग पाणी घेऊन ते घासायचं, खालचं हवं तेवढंच वर येईपर्यंत. सगळी कसोटी या घासण्यात आहे. कमी घासलं तर चित्र गढूळ राहतं. जरा जास्त घासलं गेलं की वर्ख निघून जातो आणि खालचा काळा उघडा पडतो. वर्ख परत लावून थर चढवता येतात, पण आधीची छटा पुन्हा येत नाही. शेवटची चकाकी तळहाताने चोळून आणतात.

म्हणून ही चित्रं समोर उभं राहून बघू नका. समोरून बहुतेक वेळा दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं. आधी तीन-चार पावलं मागून बघा, मग कडेला जाऊन तिरकं, जमल्यास थोडं वाकून. वर्खावरचे पारदर्शक थर अशा कोनातून उजळतात. आणखी एक, चीक वर्षांनुवर्षं हळूहळू पारदर्शक होत जातो, त्यामुळे जुनं चित्र काढलं तेव्हापेक्षा आज अधिक उजळ असू शकतं. तैलचित्रांचं बहुधा उलट होतं.

न्गुयेन जिया त्री या चित्रकाराचा 1939 चा आठ फळ्यांचा पडदा तिथे आहे. पुढच्या बाजूला बागेतल्या मुली, आणि लोक तेवढंच बघून पुढे जातात. मागे जरूर जा. मागे सगळी अळूच्या कुळातली मोठाली पानं आहेत. आई, तुला ती पानं बघून पातळभाजी आठवेल, आणि इथलेही लोक त्या झाडाचे देठ आंबट रश्श्यात घालतात. याच चित्रकाराचं एक मोठं काम सायगावच्या संग्रहालयात आहे. ते साफ करताना भांडी घासायचं लिक्विड आणि पॉलिशपेपर वापरले गेले आणि वरचे थर खरवडले गेले, याचा 2019 मध्ये इथे बराच गाजावाजा झाला. वर लिहिलेलं सगळं वाचल्यावर ते किती भयंकर होतं हे तुम्हाला कळेल.

लॅकर पूर्वी देव्हारे आणि फर्निचरवर असायचं. त्याचं चित्र झालं ते 1925 मध्ये व्हिक्टर तार्दिय आणि नाम सन यांनी इथे काढलेल्या कलाशाळेत. बाबा, आपल्या जे.जे.सारखीच ही वसाहतीच्या काळातली शाळा, पण इथल्या मास्तरांनी आणि विद्यार्थ्यांनी स्थानिक कारागिरी वर्गात आणली. त्या शाळेचं आजचं विद्यापीठ येत किएउ रस्त्यावर आहे. विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लागलं असेल तर आत डोकवा.

आता आजच्या कलेबद्दल. इथे प्रदर्शनाला सरकारी परवानगी लागते. कामांचे फोटो आणि नावं आधी सांस्कृतिक खात्याकडे द्यावी लागतात, आणि एखादं काम यादीतून गळू शकतं. नाटकाचंही तेच: संहिता जाते, मग समितीपुढे प्रयोग करून दाखवावा लागतो. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, त्यामुळे तुम्हाला हे नवं नाही. फरक एवढाच की आपल्याकडे कोर्टात जाता येतं, वर्तमानपत्रांत भांडता येतं. इथे कलाकार बहुधा भांडत नाहीत, जागा बदलतात. छोट्या जागा इथे का उगवतात आणि का मिटतात, ते यातून बरंच कळतं.

1990 मध्ये हांग बाँग रस्त्यावर एका चित्रकाराने आणि त्याच्या रशियन बायकोने राहत्या घरात सलाँ नताशा ही जागा सुरू केली. 1998 मध्ये न्या सान आलं, एक खरोखरचं, मुओंग या आदिवासी जमातीच्या पद्धतीचं खांबांवरचं लाकडी घर. परफॉर्मन्स (प्रेक्षकांसमोर कृतीतून केलेली कला) आणि इन्स्टॉलेशन (वस्तूंनी जागा मांडून केलेली कला) करणारी इथली एक अख्खी पिढी त्या घरात घडली. ते लोकांसाठी बंद झाल्यावर तरुणांनी 2013 मध्ये न्या सान कलेक्टिव्ह काढलं. त्याच वर्षी एका जुन्या औषध कारखान्यात झोन 9 नावाची कलावस्ती जमली, नोव्हेंबरात तिथे आग लागून सहा कामगार गेले आणि वर्षअखेरीस सगळं बंद झालं. न्या सानवाले मात्र टिकले आणि 2022 मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनापर्यंत पोचले. जुन्या गाइडबुकात छापलेला पत्ता घेऊन कुठेही जायचं नाही, याचं कारण हेच. निघायच्या आदल्या दिवशी त्या जागेचं फेसबुक पान बघायचं. इथे सगळं तिथेच जाहीर होतं, तेही बऱ्याचदा चार-पाच दिवस आधी.

तुमच्यासाठी मी मान्झी निवडलं आहे. 2012 पासून चालू आहे, फान हुई इक गल्लीतलं फ्रेंच काळातलं घर, खाली कॅफे, वर चित्रं. वर जायला जिना आहे, पण बाबा दमले तर खाली कॉफी घेत बसू शकतात. जवळच हांग दाऊची 1894 ची दगडी पाण्याची टाकी आहे. एरवी ती बंद असते. 2023 च्या नोव्हेंबरात, शहराच्या डिझाइन महोत्सवात, ती पहिल्यांदा उघडून आत इन्स्टॉलेशन केलं होतं. त्याच वेळी जिया लामचा 1905 चा रेल्वे कारखानाही लोकांना खुला केला होता. हा महोत्सव साधारण नोव्हेंबरातच असतो, म्हणून तुमच्या तारखा मी तशा धरल्या.

चालायला त्रास नको असेल त्या दिवशी रॉयल सिटी मॉलमधलं व्हीसीसीए हे आजच्या कलेचं केंद्र. सपाट फरशी, एसी, बसायला जागा, स्वच्छ बाथरूम. प्रदर्शनं मात्र कधी उत्तम, कधी निव्वळ सेल्फीसाठी मांडलेली. फुक तानची रस्त्यावरची कला याच्या अगदी उलट. लाँग बिएन पुलाजवळ, नदीकाठी, जिथे आधी कचरा टाकायचे तिथे 2020 मध्ये कलाकारांनी टाकाऊ वस्तूंतून कामं उभी केली. मला ती मॉलपेक्षा कितीतरी आवडतात. पण वाट खडबडीत, मधून स्कूटर जातात, सावली कमी. सकाळी आठच्या आत, बूट घालून, आणि बाबा, काठी घेऊन.

पत्त्यांचं एक गणित समजून घ्या. पत्त्यात तिरप्या रेघा दिसल्या की घर गल्लीच्या आत आहे, आणि दोन रेघा म्हणजे गल्लीतल्या गल्लीत. ग्रॅबची (ओलासारखी अॅपवरून बोलवायची) गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, पुढचं चालत जावं लागतं. उद्घाटनं बहुधा संध्याकाळी सहाला असतात, गर्दी होते आणि खुर्च्या नसतात. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी जा. सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात. एखादा कार्यक्रम खांबांवरच्या घरात असला तर चपला बाहेर काढायच्या आणि बसायला जमिनीवर, तेव्हा आई, तुझी घडीची पिशवीतली छोटी उशी आण.

नाटकांकडे येते. जलबाहुल्यांचा खेळ तुम्ही बघालच, पन्नासेक मिनिटांचा असतो. बाहुल्या चालवणारे बांबूच्या पडद्यामागे कंबरभर पाण्यात उभे असतात. पहिल्या दोन ओळी घेऊ नका, पाणी उडतं. खुर्च्यांमध्ये पाय पसरायला जागा कमी, बाबांसाठी कडेची खुर्ची मागून घ्या.

खरं बघायचं ते त्रान लुक यांच्या लुकटीमचं. हे सिनेमातले नट, शिकले बल्गेरियात, आणि वडील त्रान बांग हे चेओ या इथल्या लोकनाट्याचे मोठे दिग्दर्शक आणि अभ्यासक होते. चेओ गावच्या अंगणात चटई टाकून व्हायचा. नेपथ्य नाही, पात्राने मंचाला फेरी घातली की प्रवास झाला, ढोलावर थाप पडली की प्रसंग बदलला. तमाशा आणि दशावतार बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लुक यांनी ही रीत घेऊन आधुनिक नाटकं बसवली, त्यांत फ्रेंचमध्ये अॅब्सर्ड, म्हणजे मुद्दाम विसंगत वाटणारी नाटकं लिहिणारा इओनेस्कोही आहे. रंगमंच जवळजवळ रिकामा, नट चेहऱ्याला रंग फासून, सगळी जागा अंगाने तयार करायची. फ्रेंच अ‍ॅब्सर्ड आणि चेओ एकत्र छान बसतात, कारण दोघांनाही घर घरासारखं दाखवायची गरज वाटत नाही.

अडचण भाषेची. इंग्रजी उपशीर्षकं असतीलच असं नाही. म्हणून इओनेस्कोचा प्रयोग मिळाला तर उत्तम, त्याची नाटकं तुम्हाला ठाऊक आहेत. दुसरं काही असलं तर गोष्ट मी आधी लिहून पाठवेन. प्रयोग रात्री आठचा असतो, रोज नसतो, जाहीर झाला की लगेच तिकीट काढावं लागतं. सरकारी नाटक मंडळ्याही 'प्रायोगिक' म्हणून बरंच काही करतात, हनोईत 2019 आणि 2022 मध्ये प्रायोगिक नाटकांचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही झाला. पण त्यातलं पुष्कळसं म्हणजे धूर, लेझर आणि मोठा आवाज. तुम्ही प्रायोगिक म्हणता ते छोट्या जागांत सापडतं. फ्रेंच आणि जर्मन सांस्कृतिक केंद्रांतही नाटकं आणि नृत्याचे प्रयोग होतात. जर्मन केंद्र तर संग्रहालयापासून चार पावलांवर आहे, पहिल्या दिवशीच तिथली पत्रिका उचला.

चित्र विकत घ्यायचं असेल तर जुन्या नामवंतांचं घेऊ नका, कितीही खात्रीने सांगोत. 2016 मध्ये सायगावच्या संग्रहालयात युरोपातून परत आलेली म्हणून सतरा चित्रं मांडली होती. ती दावा केला होता त्या हातची नव्हती असं निघालं, आणि संग्रहालयाला माफी मागावी लागली. संग्रहालय फसतं तिथे आपण कोण! जिवंत चित्रकाराचं, सही आणि पावती देणाऱ्या गॅलरीतून घ्या. बाजारातले लॅकरचे डबे बहुधा कृत्रिम रंगाचे असतात. भेट म्हणून ठीक, पण हाताने घासलेल्या लॅकरची किंमत त्याला देऊ नका. खरी फळी घेतलीत तर पुण्यात उन्हाच्या भिंतीवर लावायची नाही आणि ओल्या फडक्यापलीकडे काही लावायचं नाही.

आता मला दोन गोष्टी कळवा. बाबांना एका दमात किती जिने चढवतात, कारण त्यावर मान्झी आणि नाटकाची जागा ठरेल. आणि आई, रात्री साडेदहाला जेवलेलं चालेल का, की नाटकाआधी साडेसहाला भात खाऊन निघायचं? प्रयोग जाहीर झाल्याबरोबर मी तिकिटं काढते, तेव्हा उत्तर लवकर द्या.

तुमची लेक