साथीला बसणाऱ्या माझ्या लेकीस

नॅशव्हिल
सोमवार, सकाळ

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, कार्यक्रमाच्या पोस्टरवर तबलेवाल्याचं नाव आहे, पेटीवाल्याचं आहे, व्हायोलिन वाजवणारीचं, माझं, नाही," आणि मी "जाऊ दे गं" म्हणून विषय संपवला. तेव्हापासून ते मला टोचतंय. "आयुष्यभर दुसऱ्याच्या मागेच वाजवायचं का?" हा तुझा प्रश्न मी ऐकलाच नाही. काल रात्री एका जागी तो पुन्हा आठवला.

दादा मला 'स्टेशन इन'ला घेऊन गेला होता. दगडी भिंतींची बैठी इमारत, आजूबाजूला उंचच उंच टॉवर. 1974 साली सुरू झालेलं हे ब्लूग्रासचं, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या अमेरिकी लोकसंगीताचं, ठिकाण. रविवारी संध्याकाळी तिकीट नसतं. ज्याला वाजवायचंय तो आपलं वाद्य घेऊन येतो, खुर्ची ओढतो आणि गोलात बसतो. बाकीचे भोवतीनं ऐकतात. फिडल, मँडोलिन, बँजो, गिटार, आणि उभं राहून वाजवायचा माणसाएवढा बास. तालवाद्य एकही नाही! मी आधी चकितच झाले. मग कानाला सापडलं. बास मात्रेवर पडतो आणि मँडोलिनवाला दोन मात्रांच्या मधल्या फटीत तारा दाबून 'चक्' असा आघात करतो. सगळा ठेका त्या दोघांत.

फिडल म्हणजे तुझं व्हायोलिनच गं, दुसरं काही नाही. तू मांडी घालून, पायावर टेकवून वाजवतेस, ते खांद्याला लावून. तुझ्या तारा षड्ज-पंचमात, त्यांच्या पाश्चात्त्य पद्धतीनं. पण स्वरावर खालून घसरत येणं तेच. ते लोक दोन तारांवर एकदम गज फिरवतात, त्यामुळे एकटं वाद्य असूनही दोघं गात असल्यासारखं वाटतं.

गोलात एक साठीची, पांढऱ्या वेणीची बाई फिडल घेऊन बसली होती. कुणी गायला लागलं की तिचा गज जवळजवळ थांबायचा. ओळ संपून गाणारा श्वास घेई, तेवढ्यात ती दोन-चार स्वर ठेवायची आणि पुन्हा मागे. मग गाणाऱ्यानं मानेनं खूण केली की पुढचं एक कडवंभर गाणं तिचं. त्यात ती अशी काही उसळायची की माझ्या अंगावर काटा आला. कडवं संपलं की लगेच जागा बँजोला. शेवट जवळ आला की कुणीतरी एक पाय उचलतो, आणि सगळे एकदम समेवर आल्यासारखे थांबतात. ती मागे असताना तिच्याकडे बघत मी तुझाच विचार करत होते. गाणारा कुठे श्वास घेणार हे तिला त्याच्याआधी कळत होतं. तुझ्या बाबतीत हे मी कितीदा पाहिलंय, आणि तुला एकदाही बोलून दाखवलं नाही.

परतताना दादानं गाडीत केनी बेकर या फिडलवाल्याची रेकॉर्ड लावली आणि त्याची गोष्ट सांगितली. जन्म 1926 चा, केंटकीतल्या जेन्किन्स या खाणगावातला. बाप आणि आजाही फिडल वाजवणारे. हा खाणीत कोळसा काढायचा. 1957 च्या सुमारास तो मँडोलिन वाजवणाऱ्या बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये आला. या बँडच्या नावावरूनच पुढे त्या संगीताला ब्लूग्रास म्हणू लागले. पण बँडच्या पैशांत घर चालेना, म्हणून तो पुन्हा खाणीत गेला. मग परत बँड. 1968 ला आला तो मात्र 1984 पर्यंत राहिला. मन्रोच्या बँडमधून दीडशेहून अधिक वादक येऊन गेले, पण इतका टिकलेला फिडलवाला हाच.

मन्रोचं लहानपण ऐकून तर मला गलबलून आलं. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तो पेन व्हँडिव्हर या आपल्या मामाकडे राहिला. मामा गावच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि हा पोरगा त्याच्या साथीला बसायचा. म्हणजे ज्याच्या नावानं सगळा बँड चालला, तो आधी साथीदारच होता. 1972 मध्ये मामाच्या त्या जुन्या चालींची रेकॉर्ड निघाली, तेव्हा फिडल होतं बेकरच्या हातात. मामाचा सूर पुन्हा वाजवायचा तर हाच हात हवा, असं मन्रोला वाटलं असणार. पुढे बेकरनं मन्रोच्या चालींची स्वतःच्या नावाची रेकॉर्ड केली, आणि तिच्यात मँडोलिनच्या साथीला कोण? स्वतः मन्रो. सई, ही गोष्ट मी रात्रभर मनात घोळवत होते.

शेवट मात्र गोड नाही. ऑक्टोबर 1984 मध्ये अलाबामात, चालू कार्यक्रमातच बेकर मंचावरून निघून गेला. पुढे जॉश ग्रेव्हज या डोब्रोवादकाबरोबर (डोब्रो म्हणजे आडवी धरून वाजवायची गिटार) तो वाजवत राहिला. 1993 ला लोककलावंतांना देतात ती अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, 1999 ला ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. 2011 ला वारला.

साथीनं समाधान मानून गप्प बस, असं सांगायला हे लिहीत नाहीये. एवढा मोठा वादक पैशांपायी पुन्हा कोळशात उतरला, हे मला अजिबात थोर वाटत नाही. वाईट वाटतं. म्हणून त्या कार्यक्रमाच्या आयोजकांना तू फोन कर. "माझं नाव राहिलं, पुढच्या पोस्टरवर हवं," असं सरळ सांग. यापुढे मानधन आणि नाव दोन्ही होकार देण्याआधीच ठरवून घे. पूर्वी अशा वेळी मी तुला "बरं दिसत नाही" म्हणाले असते. आता नाही म्हणणार.

आणि रियाजाच्या वेळात आठवड्यातून एक दिवस फक्त तुझा ठेव, कुणाच्याही साथीचा नाही. त्या बाईला मिळालं तसं एक कडवं. मी परत आले की आपल्या गच्चीत मला ऐकव. मी तानपुऱ्याला बसेन.

दादानं तुझ्यासाठी गजाला लावायच्या राळेची एक वडी घेतली आहे, इथले फिडलवाले वापरतात ती. जरा चिकट आहे म्हणे, पावसाळ्यात बेतानं लाव. बाबांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांग.

तुझी,
आई