नोटपॅडमध्ये लिहायचं पहिलं वेब पेज

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

वेब पेज हाताने लिहायला नवं काही इन्स्टॉल करू नका, विंडोजमधलं नोटपॅड पुरे. वर्ड नकोच. ते सरळ अवतरणचिन्हं परस्पर गोलाकार करतं आणि टॅगमध्ये ती चालत नाहीत.

बाबा, टॅग म्हणजे टोकदार कंसातला शब्द. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून शिफ्टबरोबर स्वल्पविरामाची की दाबली की कंस उघडतो, पूर्णविरामाची दाबली की मिटतो. टॅग इंग्रजी अक्षरांत, मधला मजकूर खुशाल मराठीत.

पहिल्या ओळीत कंस, उद्गारचिन्ह आणि डॉकटाइप एचटीएमएल (एचटीएमएल म्हणजे वेब पेज लिहायची भाषा). ही ओळ गाळली तरी पान दिसतं, पण ब्राउझर ते जुन्या काळच्या नियमांनी मांडतो. मग एचटीएमएलचा टॅग, त्याच्या पोटात आधी हेड, नंतर बॉडी. हेडमधलं टायटल वरच्या टॅबवर दिसतं. पानावर काय दिसायचं ते बॉडीत. हेडमध्ये सर्वांत आधी मेटा टॅग लिहून त्यात कॅरसेट यूटीएफ-८ द्या, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते ब्राउझरला कळतं. तो नसेल तर मराठीच्या जागी परकी चिन्हं उमटू शकतात आणि फाइल बिघडली असं वाटतं. ती धड असते, ब्राउझर चुकीच्या पद्धतीने वाचत असतो.

आई, बॉडीत मथळ्याला एच१, परिच्छेदाला पी. टॅग बंद करताना शब्दाआधी तिरकी रेघ (/) हवीच. एच१ बंद करताना ती राहिली की खालचा सगळा मजकूर मोठा आणि ठळक होतो. असं दिसलं की थेट मथळ्याची ओळ बघ. आणखी एक, तू एंटर दहा वेळा दाबलंस तरी ब्राउझर ते एकाच स्पेससारखं धरतो. कवितेच्या ओळी तोडायच्या तर प्रत्येक ओळीशेवटी बीआर. त्याला बंद करणारा टॅग नसतो.

खरी गंमत सेव्ह करताना होते. ‘सेव्ह ॲज’मध्ये प्रकार ‘ऑल फाइल्स’, एन्कोडिंग यूटीएफ-८, आणि नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल. प्रकार बदलला नाही तर नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटतं. डबल क्लिक केल्यावर ब्राउझरऐवजी नोटपॅडच उघडलं की समजा, हेच झालंय. दुरुस्तीसाठी फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, नोटपॅड. बदल केल्यावर कंट्रोल-एस, मग ब्राउझरमध्ये एफ५. सेव्ह न करता एफ५ कितीही दाबा, जुनंच पान दिसणार.

फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाव लहान लिपीत, मध्ये स्पेस नको. फोनचा फोटो पानाबाहेर पसरेल, म्हणून फोटोच्या आयएमजी टॅगमध्ये विड्थ (रुंदी) ४०० द्या. उंची आपोआप प्रमाणात येते.

हे पान सध्या फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, बाहेर कुणाला दिसत नाही. तेव्हा बिनधास्त मोडतोड करा. अडलात तर नोटपॅड आणि ब्राउझर, दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवा.

तुमची,
चिऊ