माळ आधी, पोथी नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्गशीर्ष आला की नृसिंहवाडीपासून शिवाजी पेठेपर्यंत घरोघरी गुरुचरित्राची पोथी निघते. ७ दिवसांचे पारायण हे व्रत आहे. रोजचे अध्याय ठरलेले, नियम ठरलेले. त्याबद्दल काही म्हणायचे नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या अकरा महिन्यांतल्या रोजच्या साधनेचा.

हल्ली पहाटे उठले की आधी मोबाईलवर प्रवचन, मग ग्रुपवरचे सुविचार आणि त्यानंतर माळ. तिसाव्या-चाळिसाव्या मण्याशी बोटे चालूच असतात, पण नाम सुटते. मघाचे एखादे सुंदर वाक्य मन घोळवत बसते, ते कुणाला पाठवायचे हेही ठरवून टाकते. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, बोटाला लागतो तेव्हा कळते, माळ झाली, जप राहिला.

म्हणून आधी जप. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राच्या ३ माळा सावकाश केल्या तर वीस मिनिटे लागतात. मग ज्ञानेश्वरीच्या १० ओव्या, त्याही मोठ्याने. तिच्या एकूण ओव्या नऊ हजारांवर आहेत. या गतीने अडीच वर्षे लागतील, लागू द्यावीत. सुरुवात बाराव्या अध्यायापासून केलेली बरी. २४७ ओव्या, पंचवीस दिवसांत होतात. वाचून झाले की पोथी मिटून पाच मिनिटे नुसते बसावे. अडलेला शब्द वहीत टिपून ठेवावा, अर्थ संध्याकाळी पाहावा. तिथल्या तिथे अर्थ सांगणारी टीका उघडली की एकीतून दुसरी निघते आणि बसणे राहून जाते.

वाचन नकोच, असे मुळीच नाही. झापड येते, नामाचा कंटाळा येतो, तेव्हा उभ्याने दोन अभंग म्हटले की मन पुन्हा जाग्यावर येते. पण श्रवण, मनन, निदिध्यासन (ऐकणे, त्यावर विचार करणे, त्याचेच ध्यान धरणे) या तिन्हींत आपण पहिल्यावरच अडतो, कारण ऐकण्यात लगेच गोडी आहे, बसण्यात ती उशिरा येते. खरा घोळ होतो तो पद्धती बदलण्याने. सोमवारी सोहं, बुधवारी त्राटक, शनिवारी कुंडलिनी, असे केल्यावर कशालाच मुरायला वेळ मिळत नाही. निदान एक चातुर्मास एकच धरावे. कुंभक, म्हणजे प्राणायामात श्वास रोखणे, तर व्हिडिओ पाहून करूच नये; तिथे शिकवणारा समोर लागतो.

आपल्या अंकात रोज नवे संतवचन येते. एक विनंती आहे: सोमवारी एक ओवी छापावी, तीच शनिवारपर्यंत ठेवावी आणि तिचा अर्थ रविवारी द्यावा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर