चिठ्ठीशिवाय विकलेली इंजेक्शनं: मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय (औषध विक्रीचा कारभार पाहणारे),
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातल्या एका जिममध्ये पोरांना बॉडी कमवायला स्टेरॉइडची, म्हणजे पुरुषी हार्मोनसारख्या औषधांची, इंजेक्शनं आणि गोळ्या देतात, आणि जवळचं मेडिकल ती चिठ्ठीशिवाय विकतं, अशी लेखी तक्रार गेल्या वर्षी मी दिली होती. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर आलं. गेल्या आठवड्यात त्याच जिममधला आमच्या वाडीतला एकोणीस वर्षांचा मुलगा गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखल झाला. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तक्रार माझ्या मुलासाठी होती. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, तो आत दोन बनियन आणि वर शर्ट घालून फिरायचा. त्याची छाती बाईसारखी वाढली होती आणि ती तो आमच्यापासून लपवत होता. मग डोळे पिवळे झाले. अंगाला अशी खाज सुटली की रात्रभर खाजवून पाठीवर रक्ताचे ओरखडे उठायचे. त्याच्या कपाटातल्या बुटांच्या खोक्यात तेलकट औषधाच्या कुप्या, सुया आणि नाव खरवडलेली गोळ्यांची पाकिटं सापडली. विचारलं तर म्हणाला, “आये, सगळेच घेतत, मी एकटोच नाय.”

बांबोळीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मिळायला लागलं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो. ती आक्रसतात, शुक्राणू कमी होतात. जादा हार्मोनचं शरीरात स्त्री-हार्मोन होतं, म्हणून छाती वाढते आणि एकदा गाठ धरली की बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. गोळ्या यकृत बिघडवतात. रक्त दाट होतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. आणि एकदम बंद केलं तर माणूस खचतो. हे शेवटचं मी घरात पाहिलं आहे. बावीस वर्षांचा पोरगा कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि मी सुरी, दोरी, उंदराचं औषध लपवत फिरत होते. त्या दिवसांचा हिशेब तुमच्या कुठल्या अहवालात आहे, साहेब?

कायदा नाही असं नाही. औषधांचा कायदा 1940 चा आहे, नियम 1945 चे. ही औषधं शेड्यूल ‘एच’मध्ये येतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. प्रोटीन पावडरच्या डब्यात हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायचं नाही, हेही 2016 च्या नियमात लिहिलेलं आहे. मग माझ्या मुलाला ‘कोर्स’ कोणी लिहून दिला? जिमच्या कोचने, वहीच्या फाटक्या पानावर. शस्त्रक्रियेत रक्तदाब पडला तर द्यायचं मेफेंटरमिनही ही पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. माल मेडिकलच्या मागच्या दाराने, बिलाशिवाय. जिमला जाणाऱ्या पोरांपैकी बरीच यात आहेत, असं मी ठामपणे म्हणते. खोटं वाटत असेल तर येऊन मोजा.

मी अंगणवाडी सेविका आहे. स्तनदा आईचा चेहरा ॲपवर जुळल्याशिवाय तिला आहाराचं पाकीट देता येत नाही. रेंज नसली की त्या ओल्या बाळंतिणीला घेऊन सड्यावर जावं लागतं. मूठभर डाळीसाठी एवढा पुरावा मागणारं सरकार पोरांची आयुष्यं नासवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधं बिलसुद्धा तपासत नाही? आमचं मानधन वाढवा म्हणून 2023 च्या डिसेंबरात संपावर गेलो, तेव्हा नोटिसा मात्र पटापट आल्या. तेव्हा माणसं कमी नव्हती. दुकानं तपासायची म्हटली की मनुष्यबळ अपुरं असतं! तुमचेच पुढारी शरीरसौष्ठव स्पर्धेला येतात, ‘श्री’ किताब जिंकणाऱ्याच्या गळ्यात हार घालतात, फोटो काढतात. त्या दंडात काय टोचलं आहे, हे एकाने तरी विचारलं का? बंदर, पर्यटन, रिफायनरी यावर भाषणं होतात. आमच्या पोरांचा आजार कळायला मात्र आम्हाला गोव्याची हद्द ओलांडावी लागते.

मला सांत्वन नको. तालुक्यातल्या प्रत्येक मेडिकलची या औषधांची खरेदी आणि विक्री ताडून पाहा. जिममध्ये विकल्या जाणाऱ्या डब्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. कोचचं शिक्षण विचारा. जिल्हा रुग्णालयात या पोरांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी हार्मोनचा डॉक्टर बसवा, तोही त्यांना गुन्हेगार न ठरवता.

त्या जिमबाहेर ‘चतुर्थीपूर्वी बॉडी’ असा फलक लागला आहे आणि संध्याकाळच्या बॅचला पोरं दाटीवाटीने उभी आहेत. दुकानाचा आणि जिमचा पत्ता माझ्या जुन्या अर्जात आहेच. तपासणीला येणार असाल तर चतुर्थीच्या आधी या, आणि येताना त्यांना फोन करू नका.

आपली,
एक आई आणि अंगणवाडी सेविका,
जि. सिंधुदुर्ग