शैलाच्या पत्राला उत्तर

नाशिक

प्रिय शैला,

पत्र मिळालं. तू भावाला किडनी देणार, दोघांचा रक्तगट जुळला, पुढच्या टेस्ट सुरू झाल्या, हे वाचून जीव भांड्यात पडला. काकूंचा प्रश्न मात्र मला फार आवडला: "सख्खी बहीण किडनी देतेय, मग जन्मभर गोळ्या कशाला?" डॉक्टर सांगतीलच, पण इतकी वर्षं ल्युपससोबत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारासोबत, संसार केलाय, तर माझंही ऐक.

आपल्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. अर्ध्या आईकडून, अर्ध्या वडिलांकडून. सख्ख्या भावंडांत त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. त्या जुळल्या तरी बाकीच्या बारीकसारीक खुणा वेगळ्या राहतातच, म्हणून शरीर ती किडनी परकी समजून नाकारू बघतं. गोळ्या त्यासाठीच. सुटका फक्त एकसारख्या जुळ्यांची. 1954 मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून ती टिकते का, हे पाहिलं होतं. टिकली, म्हणून पुढचं धाडस. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला.

त्याआधीची ग्लासगोची गोष्ट तर तुमच्या घरासारखीच, फक्त उलटी. महायुद्धाच्या काळात एक तरुणी भाजली होती. गिब्सन नावाचे सर्जन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी तिच्या जखमांवर तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले. काही दिवस बरे दिसले, मग गळून गेले. थोड्या दिवसांनी त्याच भावाचे पुन्हा लावले, तर ते आणखी लवकर गेले. म्हणजे शरीराने पहिला अनुभव लक्षात ठेवला होता. 1943 मध्ये त्यांनी हे छापलं आणि नकार देते ती प्रतिकारशक्ती, हे पक्कं होत गेलं. 1960 चं नोबेल मेडावर यांना मिळालं ते पुढच्या कामासाठी.

आता तुझा भाऊ आणि मी. प्रतिकारशक्ती म्हणजे राखणीचं कुत्रं समज. माझं घरच्यांनाच चावतं: सांधे, कातडी, मूत्रपिंड, जे सापडेल ते. त्याचं कुत्रं अगदी शहाणं आहे, परक्यावर भुंकतंय, आणि नेमकी तीच अडचण आहे. त्याच्या शरीराची काही चूक नाही, माझ्याची आहे. तरी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बघ, जवळपास त्याच! प्रेडनिसोलोन, मायकोफेनोलेट मी घेतेच, त्यालाही बहुधा मिळतील. टॅक्रोलिमस त्याला, बारा-बारा तासांनी. तिची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी आधी घ्यायची नाही, रक्त देऊन मग घ्यायची. म्हणून ती लॅबला जाताना खिशात हवी. आणि ग्रेपफ्रूट बंद, त्याने पातळी चढते.

आता माझा राग. तो दवाखान्यातून घरी येईपर्यंत कुणीतरी गुळवेलीचा काढा घेऊन दारात उभं राहणार, लिहून ठेव. "इम्युनिटी वाढव" म्हणणाऱ्यांना कसं समजवायचं की आमची इम्युनिटी पैसे मोजून कमी केलीय? कोविडच्या दिवसांत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. इजेची लक्षणं माझ्यासारख्या, स्वतःवरच उलटलेल्या आजाराची. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. पण वाद मिटेपर्यंत तुझ्या भावाने प्रयोगाचा उंदीर का व्हावं? काढा आणणाऱ्याला चहा पाज आणि काढा सिंकमध्ये ओत.

काकूंना हेही सांग की या गोळ्या तुला नाहीत. देणाऱ्याला त्या लागत नाहीत. तुझी एक किडनी उरेल, तिचं आणि बीपीचं चेकिंग दरवर्षी, बस्स. तुझी किडनी त्याच्या ओटीपोटात बसवतील. जुन्या दोन बहुतेक वेळा तशाच ठेवतात, त्यामुळे "त्याला तीन किडन्या!" असं कुणी ओरडलं तर घाबरू नकोस.

क्रॉसमॅच अजून व्हायचीय ना? त्यात त्याच्या रक्तातला द्रव आणि तुझ्या पांढऱ्या पेशी एकत्र ठेवून बघतात. पेशी मेल्या तर त्याच्याकडे तुझ्याविरुद्ध हत्यार आधीच तयार आहे असं समजायचं. रिपोर्ट येईल त्या दिवशी रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

ऑपरेशनला मी येणार, सोबतीला राहणार. फक्त मामांना आधी सांगून ठेव, सर्दी असेल तर त्यांनी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. त्याच्यासाठी नको आणि माझ्यासाठीही नको.

तुझी,
विद्या