टक्कल नेमकं कुठं आहे? – डॉक्टर मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

पिसं झडलेला फिंच, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो दाणे खाणारा चिमुकला पक्षी, समोर आला की औषध लिहिण्याआधी तुम्ही विचारता, "टक्कल नेमकं कुठं आहे?" या प्रश्नाबद्दल आम्हा फिंच पाळणाऱ्यांकडून मनापासून आभार.

डोकं आणि मान उघडी पडली असेल, तर तो पक्षी स्वतःची पिसं उपटत नसतो; त्याची चोच तिथं पोचतच नाही. तिथं बहुधा पिंजऱ्यातल्या सोबत्याचा हात, म्हणजे चोच असते. डोकं शाबूत आणि छाती उघडी, तर तो बहुधा स्वतःच उपटतोय. नेहमीच्या पीसबदलात पिसं दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी गळतात आणि कातडी उघडी दिसत नाही.

झेब्रा फिंचच्या बाबतीत मूळ बहुतेक वेळा मटक्यात, म्हणजे घरट्यासाठी पिंजऱ्यात टांगलेल्या छोट्या मडक्यात, सापडतं. मटकं बारा महिने टांगलेलं, आत अंथरायला काही नाही, म्हणून जोडीदाराच्या पाठीवरची पिसं घरट्यात जातात. त्यात एकामागून एक अंडी घालून मादी खंगते ती वेगळीच. मटकं उतरवायचं, गरज पडल्यास दोघांमध्ये जाळी लावायची. पिल्लं हवीच असतील तर काथ्याचे ५-६ सेंटिमीटरचे तुकडे आणि सुकं गवत द्यायचं. कापूस किंवा शिवणाचा दोरा नको. तो पायाला गुंडाळला की बोट जातं.

सर्वांत मोठे आभार आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाच्या हिशोबाबद्दल. माइट्सच्या, म्हणजे पक्ष्यांना छळणाऱ्या बारीक परजीवींच्या, भीतीनं अनेक जण गुराढोरांसाठीचं १ टक्क्याचं इंजेक्शन आणून त्याचा एक थेंब मानेवर सोडतात. वजनाच्या किलोला ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणानं १५ ग्रॅमच्या फिंचला औषध लागतं ०.००३ मिलिग्रॅम. थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर त्यात ०.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीडशे पटींहून जास्त! पक्षी माइट्सनं नाही, त्या थेंबानं मरतो. पक्ष्याचं वजन करून, पातळ करून, तुमच्याच हातून ते औषध पडावं.

आणि आधी माइट्स आहेत का, हे तरी बघावं. लाल माइट्स दिवसा दांड्यांच्या सांध्यात लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री पिंजऱ्यावर पांढरं फडकं टाकून काही तासांनी टॉर्चनं पाहिलं की लाल ठिपके हलताना दिसतात. मग पक्षी दुसरीकडे हलवून पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवायचा, लाकडी दांड्या फेकून द्यायच्या. चोचीवर किंवा पायावर खपली धरली असेल, तर ते माइट्स निराळे. श्वासाबरोबर टिकटिक आवाज आणि शेपटीची वरखाली हे श्वसनाचं दुखणं. तिथं पिसांची काळजी नंतर.

खाण्याचं तर साधंच आहे, पण चुकतं तिथंच. नुसत्या राळ्यावर आणि बाजरीवर पीस धरत नाही, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. पीसबदलात आठवड्यातून दोन-तीनदा १० मिनिटं उकडलेलं अंडं कुस्करून, एका जोडीला अर्धा चमचा. उन्हाळ्यात दोन तासांत उचलायचं. शेवग्याचा पाला, कोथिंबीर आणि कायम लटकवलेला समुद्रफेस. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. दाण्यांची वाटी भरलेली दिसते, पण वर नुसती टरफलं असतात. रोज फुंकर मारायलाच हवी, नाहीतर फिंच भरल्या वाटीजवळ उपाशी राहतो.

सोनाराचा छोटा काटाही तुमचीच शिकवण. १५ ग्रॅममधला दीड ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा, आणि पिसं फुगवून बसलेल्या पक्ष्यात तो नजरेला कळत नाही. इतकं वजन उतरलं की पक्षी वेगळा काढून पिंजऱ्याच्या एकाच टोकाला ऊब, साधारण ३० अंश. दुसरं टोक थंड, म्हणजे नकोसं झालं तर त्याला सरकता येतं. आणि लगेच तुमच्याकडे.

मुळासकट उपटलेलं पीस तीन-चार आठवड्यांत परत येतं, मधूनच तुटलेलं मात्र पुढच्या पीसबदलापर्यंत तसंच राहतं. हे सांगून, रोज सकाळी टकलाचे फोटो पाठवणाऱ्या आम्हा मंडळींना तुम्ही गप्प केलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

आपले,
फिंच पाळणारे काही जण