सेन्सेई, मिसाकीची ओळख करून दिल्याबद्दल

आदरणीय सेन्सेई,

सादर नमस्कार.

जपानीच्या वर्गात कोणी आभार मानू लागले की तुम्ही लगेच पुढच्या धड्याकडे वळता, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे उघड लिहीत आहे. आभार एका मांगा मालिकेबद्दल, म्हणजे जपानी चित्रकथेबद्दल आहेत. हिरो फुजिवारा यांची ‘काइचो वा मेइदो-सामा!’ ही मालिका मी अकरावीत असताना तुम्ही मला वाचायला दिलीत आणि ती कशी वाचावी हेही शिकवलेत. ती माझ्या हाती देण्याची वेळ तुम्ही विचारपूर्वक निवडली होती, हे मला बरेच नंतर उमगले.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सेइका हे पूर्वी केवळ मुलग्यांचे असलेले हायस्कूल नुकतेच मुलींसाठी खुले झालेले असते, तरी तिथे अजून मुलग्यांचेच राज्य असते, आणि अशा शाळेत मिसाकी आयुझावा ही विद्यार्थी परिषदेची पहिली मुलगी अध्यक्ष होते. गबाळा गणवेश घालणाऱ्या, गोंधळ घालणाऱ्या आणि मुलींना त्रास देणाऱ्या मुलग्यांना ती कडक धाकात ठेवते. घरची परिस्थिती मात्र ओढाताणीची आहे: वडील कर्ज मागे ठेवून निघून गेलेले, आईची प्रकृती नाजूक, आणि धाकटी बहीण सुझुना बक्षीस-योजनांत भाग घेऊन घरात वस्तू जिंकून आणणारी. म्हणून मिसाकी शाळा सुटल्यावर ‘मेइदो लाते’ नावाच्या मेड कॅफेत काम करते, जिथे झालरीचा एप्रन घालून, कमरेत वाकून प्रत्येक गिऱ्हाइकाचे ‘मालक’ म्हणून स्वागत करावे लागते. शाळेतल्या कितीतरी मुली ज्याच्यावर भाळलेल्या आहेत तो ताकुमी उसुई एके दिवशी तिला त्या वेषात पाहतो आणि कोणालाही काही सांगत नाही. अठरा खंडांतली गंमत आणि प्रेम, दोन्ही या न सांगण्यातून उगवतात.

तुम्ही ही मालिका निवडण्यामागे शिक्षिकेचा हिशेबही होता. जपानी शिकू लागलेल्या माणसाला कांजी चिन्हांची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या शब्दचिन्हांची धास्ती असते. किशोरवयीन मुलींसाठीच्या मांगांमध्ये कांजीशेजारी तिचा उच्चार बारीक काना अक्षरांत, म्हणजे जपानीच्या उच्चारदर्शक लिपीत, छापलेला असतो, आणि हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘लाला’ मासिकात 2013 पर्यंत चाललेली ही मालिकाही तशीच छापलेली आहे; त्यामुळे शब्दकोशात चिन्ह शोधत बसण्याऐवजी मला थेट वाक्यात शिरता आले. पुढे तुम्ही आम्हाला मिसाकीची शाळेतली वाक्ये एका कागदावर आणि कॅफेतली वाक्ये दुसऱ्या कागदावर उतरवून काढायला लावलीत. शाळेत ती तुटक, हुकमी बोलते. कॅफेत तीच मुलगी आदरार्थी भाषेच्या इतक्या वरच्या पायरीवर उभी राहून बोलते की दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत असे वाटू नये. क्रियापदांच्या आदरार्थी रूपांचे जे तक्ते आम्हाला पाठ होता होत नव्हते, ते त्या दोन कागदांनी आमच्या जिभेवर बसवले. या शिकवण्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

त्याहून मोलाची गोष्ट ही की ही कथा केवळ प्रेमकथा म्हणून वाचू न देता तुम्ही तिच्यातल्या कामाकडे आमचे लक्ष वळवलेत. जपानमध्ये हायस्कूलच्या मुलांनी दुकानांत, उपाहारगृहांत अर्धवेळ काम करणे सर्रास चालते, कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत कामाला लावता येत नाही, आणि अनेक शाळा तर असे काम करायला बंदी घालतात किंवा त्यासाठी परवानगी घ्यायला लावतात, हे तुम्ही सांगितलेत. विद्यार्थी परिषद तिथे सांस्कृतिक महोत्सवाच्या आयोजनापासून कितीतरी कामे खरोखर करते, त्यामुळे तिच्या अध्यक्षाच्या शब्दाला वजन असते. आपल्याकडच्या वर्गप्रतिनिधीवरून त्या पदाची कल्पना येणार नाही, हेही तुम्ही बजावलेत. मेड कॅफे हा प्रकारही त्या काळी जुना नव्हता. तोक्योच्या अकिहाबारा भागात असे पहिले कायमस्वरूपी कॅफे 2001 मध्ये उघडले आणि त्यानंतर काही वर्षांतच ही मालिका सुरू झाली. एवढे समजल्यावर मिसाकीची भीती नेमकी कशाची आहे ते दिसू लागते. काम करणे हे तिच्या लेखी लाजिरवाणे नाही. मुलग्यांना ताठ मानेने शिस्त लावणारी मुलगी संध्याकाळी त्यांच्याच वयाच्या गिऱ्हाइकांपुढे वाकते, हे कळले तर शाळेतल्या मुलींनी तिच्यावर टाकलेला भरवसा डळमळेल, ही तिची धास्ती आहे. तिच्या धावपळीवर, दाराआड लपण्यावर आणि वेळीअवेळी लाल होणाऱ्या चेहऱ्यावर आपण हसतो, तेव्हा त्या हसण्याखाली ही धास्ती सतत जागी असते. या जातीच्या विनोदी प्रेमकथा पुष्कळ निघतात, पण ज्यांतले गुपित असे पोटापाण्याशी बांधलेले असते त्याच माझ्या मनात टिकतात.

आता माझ्याविषयी लिहिते, कारण त्यावाचून आभार अपुरे राहतील. त्या वर्षी मी संध्याकाळी मावशीच्या खानावळीचे डबे पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत पोहोचवत असे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी गावोगावची मुले तिथे दिवसभर बसलेली असतात आणि साडेसातच्या सुमारास डब्याची वाट पाहत जिन्यात उभी राहतात. माझ्या महाविद्यालयात हे कोणालाही माहीत नव्हते, आणि ते माहीत होऊ नये यासाठी मी रस्ते बदलून जात असे. एका संध्याकाळी दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या असताना तुम्ही मला पाहिलेत, मान किंचित झुकवून पुढे गेलात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा उल्लेखही केला नाहीत. पुढच्या महिन्यात आमच्या तुकडीची वेळ संध्याकाळवरून सकाळवर आली. त्याचे कारण तुम्ही वर्गखोलीच्या सोयीचे सांगितलेत आणि कोणालाही शंका आली नाही. फीचे हप्ते पाडून देतानाही तुम्ही ते सगळ्यांनाच पाडून दिलेत. मग कधीतरी, व्याकरणाची वही परत करताना, तिच्यासोबत या मालिकेचा पहिला खंड माझ्या हाती ठेवलात.

तो खंड वाचताना मी उसुईकडे फार बारकाईने पाहिले, कारण त्याच्या हाती असलेली माहिती किती घातक आहे हे मी जाणत होते. कॉलेजातल्या एखाद्या मुलाला माझे काम समजले असते तर त्याने काय केले असते, याची निरनिराळी चित्रे मी रोज रंगवत असे. उसुई तिला नोकरी सोडायला सांगत नाही. तो कॅफेत येऊन बसतो, तिला चिडवतो, प्रसंग पडला तर स्वयंपाकघरात शिरून हात लावतो, कारण त्याला स्वयंपाक उत्तम येतो. ती थकून पडायला आली की तो आधार देतो, पण तिचे काम तिच्या हातून काढून घेत नाही. ज्याला आपले गुपित ठाऊक आहे असा माणूस आपल्याला सोडवायला न धावता फक्त आपल्या बाजूने उभा राहू शकतो, हे मी कथेत वाचत होते, आणि माझ्या आयुष्यात ते तुम्ही आधीच केलेले होते. शाळेतली तीन टवाळ पोरे कॅफेची निष्ठावान गिऱ्हाइके होऊन बसतात, ते वाचून तर मी मनमोकळी हसले. पाहणारे सगळेच वाईट वागतील असे धरून चालायचे कारण नाही, एवढा धीर त्या पोरांनीही मला दिला.

या मालिकेवर तुमच्याशी वाद घालता आला, हेही माझ्यावरचे उपकारच आहेत. उसुईचे मिसाकीच्या मागे मागे फिरणे आणि तिला न विचारता जवळ येणे मला अनेक ठिकाणी खटकले आणि आजही खटकते. विनोदाच्या नावाखाली त्यातले बरेचसे खपवले गेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी हे भर वर्गात बोलले तेव्हा आवडत्या मालिकेचा कैवार न घेता तुम्ही मला त्या चौकटी दाखवायला सांगितल्यात, मिसाकी कुठे त्याला ढकलून देते आणि कुठे लेखिका तो प्रसंग हसण्यावारी नेते ते आम्हा सर्वांकडून वाचून घेतलेत, आणि निष्कर्ष आमच्यावर सोपवलात. शेवटच्या खंडांत उसुईच्या इंग्लंडमधल्या उमराव घराण्याची गुंतागुंत येते, तिथे माझे लक्ष उडू लागले होते. जे. सी. स्टाफ या स्टुडिओने केलेले 2010 सालचे ॲनिमे, म्हणजे या कथेची चलत्चित्र मालिका, 26 भागांत संपते आणि तोवर मांगा चालूच होती, म्हणून ॲनिमेपाशी थांबावे असे मला वाटत होते. तुम्ही थांबू दिले नाहीत. श्रीमंत घराण्याचे दार समोर आल्यावरही मिसाकी आपल्या कष्टांचा संकोच करते का, हे पाहण्यासाठी तरी पुढे वाच, असे तुम्ही म्हणालात. त्या खंडांचे रेखाटन आणि कथानक मला अजूनही पहिल्या भागाइतके आवडत नाही, पण तुमच्या त्या प्रश्नामुळे ते वाचून झाले आणि मिसाकीचा ताठ कणा शेवटपर्यंत पाहायला मिळाला.

गेल्या महिन्यात चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून माझी निवड झाली. मुलाखत जपानीतून होती, आणि आदरार्थी भाषेची जी रूपे तिथे लागली ती त्या दुसऱ्या कागदावरचीच होती. अर्जातल्या पूर्वानुभवाच्या रकान्यात मी मावशीच्या खानावळीतले काम सर्वांत वर लिहिले होते. मुलाखत घेणाऱ्या जपानी अधिकाऱ्यांनी त्याविषयीच सर्वाधिक प्रश्न विचारले: एका फेरीत किती डबे, उशीर झाला तर गिऱ्हाइकाला काय सांगत होतात, पावसाळ्यात काय करत होतात. उत्तरे देताना मला शब्द शोधावे लागले नाहीत.

तुकडीची वेळ कोणासाठी बदलली होती, हे त्या वर्षीच्या माझ्या वर्गमित्रांना हे पत्र वाचूनच कळेल. ते सांगण्याची मोकळीक मी आज घेतली आहे, त्याबद्दल तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे. तुम्ही जे केलेत त्याबद्दल, आणि ते ज्या रीतीने केलेत त्याबद्दल, मनःपूर्वक आभार.

आपली विद्यार्थिनी